मांसपरीक्षा

आमच्या घरीं मांसाची परीक्षा करण्याची एक जुनी रीत होती, आणि ती घरांतील वडील बायकांच्या हातीं होती. दुकानांतून मटण आलें कीं आधीं त्याचा वास घ्यावयाचा. मग बोटानें दाबून पाहावयाचें, खळगा लगेच भरून आला तर मांस ताजें. चरबी पांढरी व घट्ट आहे ना हें बघावयाचें. हाडावरून जनावर कोंवळें कीं जून हें ठरवावयाचें. आणि शेवटीं कलेजीचा तुकडा उजेडांत धरून त्यावर ठिपके किंवा फोड नाहींत ना, हें निरखावयाचें. या पांच कसोट्यांस उतरलें तें मांस हळद-मीठ लागून चुलीवर चढे. न उतरलें तें, आणणाऱ्या पुरुषमाणसासकट, दुकानीं परत जाई. या परीक्षेला शास्त्रीय नांव नव्हतें. पण ती शास्त्राला सोडून होती असेंही नाहीं. कत्तलखान्यांतील पशुवैद्य जें करतो त्याचा बराचसा भाग हाच आहे. तोही डोळ्यांनीं पाहतो, हातानें चाचपतो, नाकानें हुंगतो आणि संशय आला तर सुरीनें कापून आंत डोकावतो.

ज्या वाचकांच्या घरीं मांस शिजत नाहीं ते येथवर येऊन पान उलटण्याच्या बेतांत असतील. त्यांस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं थोडा धीर धरावा. हा विषय दिसतो तितका खाटकाच्या दुकानापुरता नाहीं. जें औषध बोकडाला टोचलें जातें तेंच गाईलाही टोचलें जातें आणि तिच्या दुधांत उतरतें. २०१८ सालीं देशभर दुधाची पाहणी झाली, तेव्हां ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत जंतुनाशक औषधांचा अंश ठरलेल्या मर्यादेहून अधिक सांपडला. हें प्रमाण थोडें आहे हें खरें; परंतु तें थोडें आहे असें आज म्हणतां येतें, याचें कारण कोणी तरी तें मोजलें. मोजलें नसतें तर भीति बाळगणारा आणि निश्चिंत राहणारा हे दोघेही सारखेच अंधारांत राहिले असते.

आमच्या वडील बायकांच्या परीक्षेंत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. ती ही कीं, वाईट मांस आपलें वाईटपण लपवूं शकत नाहीं; वासानें, रंगानें किंवा स्पर्शानें तें बोलतेंच. नासलेल्या मांसाच्या बाबतींत हें आजही खरें आहे. परंतु मांसांत आज जें खरोखर भिण्यासारखें आहे तें बहुधा मुकें असतें. त्याचे दोन प्रकार. एक रोगकारक जंतु, आणि दुसरा जनावराला दिलेल्या औषधाचा मागें राहिलेला अंश. अपाय होण्याइतके दोन्ही असले तरी मांसाचा रंग पालटत नाहीं, वास येत नाहीं, चव बिघडत नाहीं. मात्र दोहोंच्या स्वभावांत एक मोठें अंतर आहे: पहिला अग्नीला भितो; दुसऱ्याच्या बाबतींत अग्नीवर विसंबतां येत नाहीं. हें अंतर ध्यानांत धरलें म्हणजे मांसाच्या तपासणीचा सारा खटाटोप कशासाठीं चालतो याचा उलगडा होतो.

पहिल्याची ओळख पटण्यास एका गाईचें मांस कारण झालें. १८८८ सालीं जर्मनींतील फ्रांकेनहाउसेन या गांवीं एक आजारी गाय कापण्यांत आली आणि तिचें मांस लोकांनीं खाल्लें. पन्नासांवर माणसें आजारी पडलीं. ज्या एका मजुरानें पुष्कळसें मांस कच्चेंच खाल्लें होतें तो दगावला. ऑगस्ट गेर्टनर या वैद्यानें त्या गाईच्या मांसांतून आणि त्या मृताच्या शरीरांतून एकच जंतु वेगळा काढून दाखविला. आज आपण ज्यांना साल्मोनेला म्हणतों त्यांच्या कुळांतला तो होता. पुढें १९०६ सालीं अमेरिकेंत अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांतील मजुरांची दैना सांगावी म्हणून त्यांनीं ती लिहिली. वाचकांच्या मनांत मात्र मजुरांपेक्षां मांसाची घाणच अधिक बसली, आणि त्याच वर्षीं ३० जून रोजीं मांसतपासणीचा कायदा झाला. त्या कायद्यानें जनावर कापण्यापूर्वीं आणि कापल्यावर सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जाऊं लागलें. गेर्टनरचा जंतु अठरा वर्षांपूर्वींच ठाऊक झालेला होता. पण नजरेला तो दिसत नव्हता. तरीही पुढील सुमारें नव्वद वर्षें तपासनीस पाहत, चाचपीत आणि हुंगीत राहिला. म्हणजे आमच्या घरच्या बायकांचीच रीत त्यानें सरकारी शिक्क्यानिशीं चालविली.

ती रीत अपुरी आहे हें १९९३ सालीं फार कठोरपणें सिद्ध झालें. त्या वर्षाच्या आरंभीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत आणि आसपास, एका उपाहारगृहाच्या निरनिराळ्या शाखांत मिळणाऱ्या खिम्याच्या वड्या खाऊन सातशेंवर लोक आजारी पडले. चार मुलें मरण पावलीं. त्या मांसावर तपासणीचा शिक्का होता. जंतु होता ई. कोलाय या जातीचा एक घातक प्रकार. गुरांच्या आंतड्यांत तो राहतो आणि गुरांना कांहींच त्रास देत नाहीं. निरोगी जनावराचें मांस आंतून बहुतेक निर्जंतुक असतें. कातडें सोलतांना, आंतडीं काढतांना, सुरीमुळें, हातांमुळें, पाण्यामुळें जंतु मांसाच्या पृष्ठभागावर येतात. अखंड तुकडा भाजला तर पृष्ठभागावरचे जंतु विस्तवानें मरतात. पण त्याच तुकड्याचा खिमा केला कीं जें बाहेर होतें तें आंत जातें, आणि शिवाय अनेक जनावरांचें मांस एकत्र होतें. अशी वडी मध्यभागीं कच्ची राहिली तर त्या कच्च्या भागांत जंतु सुखरूप राहतात. म्हणून खिम्याच्या आंतला भाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे असा तेथील सरकारी सल्ला आहे.

या प्रकरणानंतर तपासणीची दिशाच पालटली. १९९४ सालीं हा जंतु खिम्यांत असणें म्हणजे तो खिमा विकण्यास अपात्र, असें अमेरिकन सरकारनें ठरविलें. आणि १९९६ सालीं कत्तलखान्यांना नवी पद्धति लागू केली. ती पद्धति मूळची अंतराळवीरांच्या शिध्यासाठीं १९६० च्या पुढील वर्षांत निघालेली. अंतराळांत कोणाला अन्नाची बाधा झाली तर वैद्य कोठून आणणार? म्हणून शिधा पूर्ण निर्दोष पाहिजे. पण तयार झालेला शिधा तपासून निर्दोष ठरवूं गेलें तर तपासण्यांतच सगळा संपून जाईल. जो घांस तपासला तो खातां येत नाहीं, आणि जो खाल्ला जातो तो तपासलेला नसतो. या अडचणींतून एक शहाणपणा निघाला: तयार मालावर पहारा ठेवण्याऐवजीं, तो तयार होत असतांना ज्या ज्या पायरीवर घाण शिरूं शकते ती ती पायरी आधींच हेरून तेथें बंदोबस्त करावा, शेवटचे नमुने घ्यावयाचे ते बंदोबस्त चालू आहे कीं नाहीं हें पडताळण्यापुरते. मांसाच्या कारखान्यांत आतां मांसाच्या पृष्ठभागावरून ओला बोळा फिरवून त्यावरचे जंतु मोजतात. आंकडा वाढला तर एक तुकडा फेंकून काम भागत नाहीं. सोलण्याच्या जागीं कोणाचा हात चुकतो तें शोधावें लागतें.

आमच्या स्वयंपाकघरांत अग्नीचा दरारा मोठा आहे ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. आपल्याकडे मटण तासभर रटरटल्यावांचून पानांत येत नाहीं, आणि रटरटणाऱ्या रश्श्यांत साल्मोनेलाचा टिकाव लागत नाहीं. आमच्यापुरतें भय रश्श्यांत नसून विळीवर आहे. ज्या विळीवर कोंबडी चिरली तीच नुसती पाण्याखालीं धरून तिच्यावर कोशिंबिरीचा कांदा आणि काकडी चिरली, तर कोंबडीला अग्नि मिळतो आणि कोशिंबीर मात्र तशीच पानांत येते. कोंबडी नळाखालीं खळखळून धुण्याची आपली संवयही तपासण्याजोगी आहे. तसें केल्यानें जंतु जात तर नाहींतच, पण शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. म्हणून ब्रिटनच्या अन्नखात्यानें २०१४ सालीं कच्ची कोंबडी धुऊं नका असें लोकांना जाहीर सांगितलें. आमच्या घरांत हें वाचून दाखविलें तेव्हां स्वयंपाकघरांतून जें उत्तर आलें तें येथें देण्याजोगें नाहीं. विळी मात्र दुसऱ्या दिवसापासून दोन झाल्या.

आतां दुसऱ्या मुक्या गोष्टीकडे वळूं. जनावर आजारी पडलें म्हणजे त्याला औषध द्यावेंच लागतें. त्यांत वावगें कांहीं नाहीं, उलट न देणें हीच क्रूरता. औषध रक्तांतून सर्वांगांत पसरतें, आपलें काम करतें आणि यकृत व मूत्रपिंड यांच्या वाटेनें हळूहळू शरीराबाहेर जातें. या जाण्याला वेळ लागतो. तो वेळ लोटेपर्यंत जनावर कापूं नये, दूध विकूं नये, असा प्रत्येक औषधाचा प्रतीक्षाकाळ ठरलेला असतो. कांहींचा पांच-सात दिवसांचा, तर अंगांत दीर्घकाळ टिकणाऱ्या कांहीं टोचण्यांचा चार आठवड्यांचा. त्याआधीं जनावर कापलें तर औषधाचा अंश मांसांत, आणि त्याहून अधिक प्रमाणांत काळजांत व मूत्रपिंडांत, तसाच राहतो. म्हणून तपासणीचे नमुने पुष्कळदां याच अवयवांचे घेतात. शिजविल्यानें कांहीं औषधें थोडीफार उणावतात, कांहीं जशींच्या तशीं राहतात. १९९० च्या सुमारास स्पेनांत गाईचें काळीज खाल्लेल्या शंभरांहून अधिक लोकांना हातापायांचा कांप आणि छातींत धडधड सुरू झाली. जनावरांच्या अंगावर चरबीऐवजीं मांस चढावें म्हणून कोणी तरी त्यांना क्लेनब्युटेरॉल हें दम्यावरचें औषध चोरून चारलें होतें. काळीज नीट शिजवलेलें असलें तरी त्यानें कांहीं फरक पडण्यासारखा नव्हता.

किती अंश चालेल हें कसें ठरवितात, याची रीत आम्हांस मोठी मनोरंजक वाटली. औषधाचें जें प्रमाण प्रयोगांतील प्राण्यांना रोज देऊनही अपाय दिसत नाहीं तें घेऊन साधारणतः शंभरानें भागावयाचें. आणि मग एक काल्पनिक खादाड माणूस उभा करावयाचा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा हा गृहस्थ रोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम काळीज, ५० ग्रॅम मूत्रपिंड आणि ५० ग्रॅम चरबी खातो आणि वर दीड लिटर दूध पितो. इतकें खाऊनही त्याला जन्मभर बाधा होऊं नये, अशा बेतानें मर्यादा आंखलेली असते. आमच्या कुटुंबाला एवढें मांस आठवड्यांतही लागत नाहीं; तेव्हां मर्यादेच्या आंत असलेल्या अंशाला घाबरून जेवण सोडण्याचें कारण नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तपासण्याची एक साधी युक्तिही सांगण्याजोगी आहे. एका बशींत निरुपद्रवी जंतूंची वाढ करतात आणि तींत मूत्रपिंडाच्या रसांत भिजलेला बोळा ठेवतात. रसांत जंतुनाशक औषध असेल तर बोळ्याभोंवतीं जंतु वाढत नाहींत आणि एक स्वच्छ वर्तुळ उमटतें. ज्यांना मांसांतले शत्रु म्हणून आपण हुडकतों त्यांचेच भाऊबंद येथें साक्षीला उभे राहतात. मग कोणतें औषध आणि किती, हें मोठीं यंत्रें एक अब्ज भागांतील एका भागापर्यंत सांगतात.

पण या सर्व यंत्रांच्या आधीं आपल्या देशांत एक परीक्षक होता, आणि त्यानें दिलेली साक्ष आपण फार उशिरां वाचली. तो परीक्षक म्हणजे गिधाड. चाळीस वर्षांपूर्वीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें कीं घटकाभरांत आकाशांत काळे ठिपके फिरूं लागत आणि सायंकाळपर्यंत हाडांचा सांगाडा उरे. १९९० नंतर तीं गिधाडें नाहींशीं होऊं लागलीं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हिंदुस्थानांत हजारांत एक उरली. लांब चोचीच्या व सडपातळ चोचीच्या जातींचीही शेंकडा सत्त्याण्णवांच्या आसपास घट झाली. भरतपूरच्या अरण्यांत विभु प्रकाश यांनीं हा ऱ्हास प्रथम नोंदविला. कोणी रोगाची सांथ म्हटलें, कोणी कीटकनाशकांचें नांव घेतलें. अखेर २००४ सालीं लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील मेलेल्या गिधाडांचीं शरीरें तपासून खरें कारण सांगितलें. तें होतें डायक्लोफिनॅक. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं औषधाच्या डब्यांत पडलेलें, कंबर धरली म्हणजे आपण घेतों तें वेदनाशामक. तें स्वस्त झाल्यावर लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला सर्रास टोचलें जाऊं लागलें. बैल बरा झाला तर प्रश्नच नव्हता. तो दोन-चार दिवसांत मेला तर त्याच्या मांसांत राहिलेला अंश गिधाडाचीं मूत्रपिंडें बंद पाडी आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरे.

यांत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट प्रमाणाची आहे. शास्त्रज्ञांनीं गणित करून दाखविलें कीं, शंभर मेलेल्या ढोरांत एकाही ढोराइतकें विषारी प्रमाण नसलें तरी गिधाडांचा असा संहार होण्यास तें पुरतें. कारण एका ढोरावर अनेक गिधाडें जेवतात आणि तीं वर्षभर निरनिराळ्या ढोरांवर जेवतात. प्रत्यक्षांत २००४-०५ मध्यें निरनिराळ्या राज्यांतून ढोरांच्या काळजांचे नमुने घेतले, तेव्हां शंभरांतील सुमारें दहांमध्यें डायक्लोफिनॅक सांपडलें. २००६ सालीं जनावरांसाठीं या औषधावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हें गिधाडांना न बाधणारें औषध पर्याय म्हणून पुढें आलें. बंदीनंतरही नमुने घेणें चालूच ठेवलें, म्हणून दोन वर्षांनीं प्रमाण शेंकडा साडेसहांवर उतरलें हें कळलें; आणि अजून साडेसहा उरलें आहे हेंही कळलें. माणसांसाठीं बनविलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोंचत होत्या. २०१५ सालीं माणसांसाठींची कुपी एका मात्रेपुरतीच असावी असा नियम झाला. २०२३ मध्यें कीटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक हीं औषधेंही जनावरांस देण्यास बंद झालीं. त्यांपैकीं दुसरें तर गाईच्या अंगांत गेल्यावर स्वतःच डायक्लोफिनॅक बनतें. एका अंशाच्या मागें लागून वीस वर्षें चाललेली ही तपासणी आहे, आणि ती संपलेली नाहीं.

मुंबईच्या डुंगरवाडींत पारशी बांधवांचा शतकांचा अंत्यविधि या पक्ष्यांवर अवलंबून होता. तेथें आतां सूर्याचे किरण एकवटणारीं आरसेवजा यंत्रें बसवावीं लागलीं आहेत. गांवोगांवीं न खाल्लेलीं ढोरें कुजूं लागलीं, त्यांवर कुत्रीं वाढलीं. गिधाडें गेल्यामुळें २००० ते २००५ या काळांत देशांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं, असा अंदाज २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासांत काढलेला आहे. जटायूची कथा ऐकत वाढलेल्या समाजानें हें वाचून क्षणभर थांबावें. रामायणांतल्या त्या पक्ष्यानें मरतां मरतां वाट सांगितली होती. आपल्या गिधाडांनींही सांगितली. पण त्यांचा शब्द ऐकूं येण्यास आपल्याला दहा-बारा वर्षें लागलीं, कारण मेलेल्या गुराच्या काळजांत काय आहे हें पाहण्याची रीतच आपल्याकडे नव्हती.

जंतु आणि औषध या दोन मुक्या गोष्टी निरनिराळ्या सांगितल्या. पण प्रत्यक्षांत त्यांची गांठ पडते, आणि ती गांठ दोहोंपेक्षां भयंकर आहे. अपुऱ्या मात्रेंत औषध मिळालें कीं जंतु मरत नाहींत, शिकतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच नोबेल पारितोषिकाच्या भाषणांत हा इशारा दिलेला होता. तरीही कोंबड्या आणि डुकरें लवकर वाढावींत म्हणून निरोगी जनावरांच्याही खाद्यांत रोज थोडें थोडें जंतुनाशक मिसळण्याची चाल जगभर पडली. कोलिस्टिन हें असें एक औषध. इतर सर्व औषधें हरल्यावर माणसासाठीं जें राखून ठेवावयाचें, तें कोंबडीच्या दाण्यांत जात होतें. २०१५ मध्यें चिनी शास्त्रज्ञांनीं डुकरांतील जंतूंची पाहणी चालविली असतां कोलिस्टिनला दाद न देण्याचा एक गुण सांपडला. तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा होता, आणि तो दुकानांतल्या मांसांत व इस्पितळांतल्या रोग्यांतही होता. आपल्या सरकारनें २०१९ च्या जुलैंत अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देणें बंद केलें. असा जंतु चुलीवर मरतो हें खरें. पण तो चुलीपर्यंत येण्यापूर्वीं खाटकाच्या हातावर, विळीवर आणि उकिरड्यावर उतरलेला असतो.

आमचे एक स्नेही पशुवैद्य आहेत. माणदेशांत त्यांची कित्येक वर्षें गेलीं. प्रयोगशाळा, यंत्रें आणि मर्यादा यांचें कौतुक आम्ही त्यांच्यापुढें करूं लागलों म्हणजे ते एक हकीकत सांगतात. एका बाईच्या चार शेळ्या आणि एक बोकड. बोकडाला फुफ्फुसाचा विकार झाला; यांनीं दीर्घकाळ टिकणारें औषध टोचलें आणि बोकड तीन दिवसांत उड्या मारूं लागला. गांवची जत्रा आठ दिवसांवर आली होती. यांनीं बाईला सांगितलें, “आक्का, बोकड बरा झाला, पण औषध अजून त्याच्या अंगांत आहे. अठ्ठावीस दिवस तो विकायचा नाहीं.” बाई म्हणाली, “डागदर, जत्रा झाल्यावर ह्याला कोन इचारतंय? म्हैनाभर ह्याला पाला कुनी घालायचा, तुमी?” उत्तर सुचलें नाहीं म्हणून त्यांनीं कोळशानें तिच्या भिंतीवर तारीख लिहिली आणि पुन्हां सांगून ते निघून आले. जत्रेनंतर ते त्या वाटेनें गेले तेव्हां भिंतीवरची तारीख जशीच्या तशी होती. ती उजाडण्यास बारा दिवस होते, आणि दावणीला बोकड नव्हता. “मी तिला काय बोलणार?” असें ते आम्हांस विचारतात.

या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तिला औषधाचें पत्रक वाचतां येत नव्हतें, तें इंग्रजींत होतें; पण वाचतां आलें असतें तरी पत्रकांत पाला नव्हता. जत्रेंत मिळणारा भाव आणि जत्रेनंतरचा भाव यांतलें अंतर, शिवाय महिन्याचा चारा, हा त्या अठ्ठावीस दिवसांचा खर्च होता. तो खर्च तिनें एकटीनें सोसावा आणि त्याचा लाभ शहरांतल्या, नांव-गांव ठाऊक नसलेल्या कुटुंबांना व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. आपण भाव करतों तो किलोचा करतों. त्या दिवसांचा भाव कोणी विचारीत नाहीं. म्हणून मांसाची शुद्धता प्रयोगशाळेंत तयार होत नाहीं, ती गरिबाच्या गोठ्यांत थांबलेल्या दिवसांत तयार होते, असें आमचें मत बनलें आहे. प्रयोगशाळा ही साक्षीदार आहे. ते दिवस थांबले गेले कीं नाहीं एवढेंच ती सांगूं शकते. अंतराळवीरांच्या शिध्यानें शिकविलेला धडा येथेंही लागू आहे: शेवटच्या घासावर पहारा ठेवून भागत नाहीं, जेथें चूक शिरते ती पायरी धरावी लागते, आणि ही पायरी बाईच्या दावणीपाशीं आहे.

परदेशाच्या ताटासाठीं हें आपण बरेंच शिकलों आहों. या शतकाच्या आरंभीं आशियांतून गेलेल्या कोळंबींत बंदी असलेल्या औषधांचे अंश सांपडले तेव्हां युरोपनें माल अडविला. तेथें मध, अंडीं किंवा कोळंबी पाठवावयाची तर औषधांच्या अंशाची तपासणी कशी करणार, याचा आराखडा द्यावा लागतो, आणि आपलें सरकार तो देतें. आपल्या देशांतही २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदा आहे आणि त्याखालीं मांसांतील औषधांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. परंतु गल्लींतल्या दुकानीं लोंबणाऱ्या बोकडापर्यंत बोळा आणि बशी क्वचितच पोंचते. परक्याच्या पाहुणचाराला एक पंगत आणि घरच्यांना दुसरी, हें आपल्या रीतीस शोभत नाहीं.

गृहस्थाश्रमी माणसानें यांत काय करावें, असें कोणी विचारील. विळ्या दोन कराव्या आणि मांस पुरतें शिजवावें, हें घरांतलें काम. घराबाहेरचें काम याहून अवघड आहे. नगरपालिकेच्या सभेंत आपण नळाचें पाणी तपासल्याचे आंकडे मागतों. त्याच हक्कानें कत्तलखान्यांतील नमुन्यांचे आंकडे मागावे आणि ते दुकानाच्या दारावर मराठींत लावले जावे असा आग्रह धरावा. औषधांचीं पत्रकें शेतकऱ्याच्या भाषेंत आणि मोठ्या अक्षरांत असावींत. आणि जनावर प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत थांबवून ठेवलें याची खातरी देणारा शेळीपाळांचा संघ कोठें उभा राहिला, तर त्याच्या मटणाला किलोमागें चार पैसे अधिक द्यावे. आपण आंब्याच्या पेटीवर गांवाचें नांव पाहून अधिक पैसे मोजतों, तांदळाच्या वासासाठीं मोजतों. थांबलेल्या दिवसांसाठीं मोजण्याची आपल्याला अद्यापि संवय नाहीं. हे पैसे त्या भिंतीवरच्या तारखेपर्यंत खरोखर पोंचावेत, एवढी व्यवस्था मात्र आधीं लागली पाहिजे. नाहीं तर ते मधल्या मध्यें जिरतील आणि बोकड जत्रेलाच जाईल.